लढाईचीं मुळाक्षरें आणि भयानक रस

व्हिडिओ गेमसारखा विषय या पृष्ठांवर आलेला पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणतों. गेल्या वर्षापर्यंत त्या आमच्याहि कपाळास पडल्या असत्या. तथापि ज्या करमणुकींत घरोघरचीं तरुण मुलें रात्रीचे तासचे तास घालवितात तिचें परीक्षण न करतां नुसतीं तिच्या नांवानें बोटें मोडावयाचीं, हा कांहीं न्याय नव्हे. कादंबरी आपल्याकडे नवी होती तेव्हां तिलाहि वडीलधाऱ्या मंडळींकडून असाच प्रसाद मिळाला होता. शिवाय आमच्या समोरचा खेळ आतां नवा राहिलेला नाहीं. 'लेफ्ट फोर डेड' हा नोव्हेंबर २००८ मध्यें प्रसिद्ध झाला. एवढीं वर्षें लोटलीं तरी ज्याला खेळणारे मिळतात, अशा कृतीविषयीं शांत चित्तानें चार शब्द लिहिण्यास हरकत नसावी. आमचा त्याच्याशीं परिचय झाला तो केवळ योगायोगानें. आमचा पुतण्या, आमची भाची आणि तिची एक मैत्रीण अशीं तिघें दर शनिवारीं रात्रीं आपापल्या घरीं बसून हा खेळ एकत्र खेळत. चौथा गडी परगांवीं गेला आणि त्याची जागा रिकामी पडली. रिकाम्या जागीं यंत्र खेळूं शकतें खरें, परंतु यंत्राला हातबाँब फेंकतां येत नाहीं, म्हणून आमची योजना झाली. आमची योग्यता यंत्राहून कितपत अधिक ठरली, तें पुढें येईलच.

प्रथम वादाचा मुद्दा. भयप्रधान खेळांविषयीं जाणकारांत एक मत रूढ आहे, तें असें कीं, भय हें एकट्याचें असतें. सोबत आली कीं तें पळतें. या मताला आधार नाहीं असें नव्हे. १९९६ साली निघालेल्या 'रेसिडेंट ईव्हल' या जपानी खेळानें जो प्रकार लोकप्रिय केला, त्यांत एकटा मनुष्य एका ओसाड हवेलींत फिरतो. गोळ्या मोजक्या, आणि हालचाल इतकी अवघडलेली कीं शत्रु समोर येऊन ठाकला तरी नीट वळतां येऊं नये. तेथील भयाचें अर्धें श्रेय त्या अवघडलेपणालाच द्यावें लागेल. यावरूनच दुसरें मत निघतें: ज्याला लढावयास चांगलें येतें त्याला भय वाटत नाहीं, म्हणून भयखेळानें खेळणाऱ्यास फार प्रवीण होऊं देऊं नये. आतां ज्या खेळांत एकाच्या जागीं चौघे आहेत, चौघांच्याहि हातीं बंदुका आहेत, आणि त्या चालविण्याची विद्या शिकल्यावांचून दोन पावलें पुढें टाकतां येत नाहींत, त्यांत भयानक रस उरावा कोठून? उरलाच तर वीर रस उरेल, असें कोणीहि म्हणेल. आम्हीहि प्रथम तसेंच म्हणत होतों.

खेळाची कथा दोन ओळींत संपते. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत एक सांथ येते. तिच्या तडाख्यांत सांपडलेलीं माणसें विवेकशून्य होऊन निरोगी माणसांवर तुटून पडतात. बाधा न झालेले चौघे, म्हणजे बिल हा म्हातारा सैनिक, झोई ही कॉलेजांतली मुलगी, लुइस हा कचेरींतला नोकरदार आणि फ्रान्सिस हा मोटरसायकलवाला दांडगा, एका सुरक्षित खोलींतून दुसऱ्या सुरक्षित खोलीपर्यंत वाट काढीत जातात. खेळणारे चौघे या चौघांचीं सोंगें घेतात व कानांवरच्या हेडफोनमधून एकमेकांशीं बोलतात. प्रारंभीं अशा चार मोहिमा होत्या. कथा म्हणून यांत कांहीं नाहीं, आणि कर्त्यांचाहि तसा दावा दिसत नाहीं. त्यांची बुद्धि अन्यत्र खर्च झाली आहे. 'टर्टल रॉक' या मंडळीनें पूर्वीं 'काउंटर-स्ट्राइक' नांवाच्या खेळासाठीं यंत्रचलित प्रतिस्पर्धी तयार केले होते. नुसत्या सुऱ्या घेतलेल्या अशा पुष्कळ यंत्रगड्यांशीं थोड्याशा माणसांनीं लढून पाहिलें असतां जी गंमत आली, तींतून या खेळाची कल्पना निघाली. पुढें 'व्हॉल्व्ह' कंपनीनें त्या मंडळीला आपल्यांत सामील करून घेऊन खेळ प्रसिद्ध केला. तात्पर्य, याचें बीज कथेंत नसून संख्येच्या विषमतेंत आहे.

लढाई शिकविण्यासाठीं यांत वेगळी शाळा नाहीं. आरंभीं दोन-चार मिनिटांचें एक चलच्चित्र दाखवितात. पाऊस, ओसाड गल्ली, अंधारांतून येणारें बाईचें रडणें, तिच्यावर पडलेला विजेरीचा झोत आणि त्यानंतरचा अनर्थ; मग टिकटिकणारा एक बाँब, व त्याच्या आवाजामागें धांवणारा जमाव. रडणाऱ्या बाईवर उजेड टाकूं नये, आणि जमाव आवाजाला भुलतो, हे दोन धडे त्यांत स्पष्ट आहेत. परंतु ते धडे आहेत हें प्रथम पाहणाऱ्यास समजत नाहीं. आम्हीं तें चित्र चहाचा घोट घेत, चित्र म्हणूनच पाहिलें. पुढें एका रेल्वेच्या आवारांत तसेंच रडणें ऐकूं आलें तेव्हां दयाबुद्धीनें म्हणा, कुतूहलानें म्हणा, आमची विजेरी नेमकी तिकडे वळली. त्या बाईस या खेळांत 'विच' म्हणतात. ती उठून आली तेव्हां आमच्या तोंडून जो शब्द निघाला तो येथें छापण्याजोगा नाहीं, आणि तो तिन्ही मुलांनीं ऐकला.

परंतु आमचा खरा पहिला धडा त्याच्या आधींच झाला होता, आणि तो शत्रूविषयींचा नव्हता. पहिल्याच जिन्यावर जमाव अंगावर आला. आम्हीं घोडा दाबला आणि धरून ठेवला. धूर विरल्यावर पाहतों तों शत्रु पडले होते, आणि पुढें उभ्या असलेल्या भाचीच्या पाठींतहि आमच्या पुष्कळ गोळ्या गेल्या होत्या. या खेळांत मित्राची गोळी मित्राला लागते. सर्वांत सोप्या पातळीवर तिची इजा होत नाहीं, पुढें पातळी जसजशी कठीण होते तसतशी ती वाढत जाते. भाची रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, "मामा, पुढचा बसतो, मागचा उभा राहतो." वाक्य लहान आहे, पण या खेळांतील युद्धशास्त्राचें तें पहिलें सूत्र होय. पुढचा खालीं बसला कीं मागच्याला त्याच्या डोक्यावरून गोळी झाडतां येते. शिवाय बसलेल्याचा स्वतःचा नेमहि अधिक स्थिर होतो. दोघांचाहि लाभ एकाच हालचालींत साधला आहे. मात्र पुढच्यानें बसावयाचें म्हणजे अंगावर येणाऱ्या जमावापुढें उंची सोडून द्यावयाची, आणि मागच्याचा हात कांपणार नाहीं असा भरंवसा धरावयाचा. आमचा हात कांपत होता, आणि भाची बसली.

दुसरा धडा धक्क्याचा. बंदुकीच्या दस्त्यानें समोरच्यास मागें ढकलण्याची एक क्रिया माउसच्या उजव्या बटणास जोडलेली आहे. नवखा मनुष्य तिच्याकडे लक्ष देत नाहीं. हातांत बंदूक असतां ढकलाढकली कशास, असें त्यास वाटतें. वस्तुतः या खेळांत गोळीपेक्षां धक्का अधिक मोलाचा आहे. धक्क्यानें शत्रु मरत नाहीं, केवळ क्षणभर मागें सरतो. पण तो क्षणच हवा असतो. 'बूमर' नांवाचा एक फुगलेला प्राणी आहे. त्याला जवळून गोळी घातली तर तो फुटतो, त्याची घाण सर्वांच्या अंगावर उडते, डोळ्यांपुढें कांहीं दिसेनासें होतें, आणि त्या वासानें साऱ्या गांवचा जमाव धांवून येतो. त्याला आधीं ढकलावा, मग मागें सरावें, मग गोळी झाडावी. हा क्रम अंगवळणीं पडावयास आम्हांस तीन शनिवार लागले. शत्रु समोर दिसतांच मारूं नये, हें बोटाला पटविणें फार कठीण. बुद्धीला तें एका वाक्यांत पटतें; बोट मात्र आपल्याच मतानें चालतें.

आणि मग या रचनेचें मर्म म्हणतां येईल असा तिसरा धडा. 'हंटर' हा दूरवरून झेप घेऊन माणसाला पाडतो व त्याच्या छातीवर बसतो. 'स्मोकर' हा गच्चीवरून लांब जिभेनें ओढून नेतो. या दोघांच्या तावडींत जो पुरता सांपडला त्याला स्वतःची सुटका करून घेतां येत नाहीं. त्याच्यापाशीं गोळ्या असोत, नेम असो, अनुभव असो. यांपैकीं कांहीं त्याच्या कामीं येत नाहीं. कोणी तरी दुसऱ्यानें येऊन गोळी घालावी किंवा धक्का द्यावा, तेव्हांच तो सुटतो. सामान्य लढाऊ खेळ शिकणाऱ्यास सामर्थ्य देत जातो. हा खेळ ऐन वेळीं तें काढून घेतो. म्हणून येथें 'लढावयास शिकणें' या शब्दांचा अर्थच पालटतो. नेम धरणें हें फार खालच्या पायरीचें कौशल्य ठरतें. सोबत्यापासून किती अंतरावर राहावें, मागें वळून केव्हां पाहावें, कोण बोलेनासा झाला आहे, हें कळणें म्हणजे लढाई कळणें. औषधांचेंहि तसेंच. प्रत्येकास औषधाची एकच पेटी जवळ बाळगतां येते. ती स्वतःसाठीं वापरावी किंवा दुसऱ्यास लावावी. आमची प्रकृति बरी असतांना आम्हीं ती घाईनें स्वतःवर संपविली आणि दहा मिनिटांनीं पुतण्या लंगडत चालूं लागला, तेव्हां हेडफोनमधून कोणी कांहीं बोललें नाहीं. त्या स्तब्धतेंत जें शिकलों तें पुस्तकांत शिकलों नसतों.

आतां रसाकडे येऊं. नाट्यशास्त्रांत भयानकाचे जे विभाव सांगितले आहेत, जसे विकृत आवाज, पिशाचदर्शन, ओसाड घर, अरण्य, ते या खेळांत एकेक करून मोजून घ्यावेत इतके तंतोतंत भेटतात. (भय हा स्त्रियांचा व नीच प्रकृतीच्या माणसांचा भाव असेंहि तेथें म्हटलें आहे. आमच्या चौघांत सर्वांत शेवटीं ओरडतात त्या दोन मुली, आणि सर्वांत आधीं ओरडतों ते आम्ही. प्रकृतीचा निर्णय वाचकांनीं करावा.) परंतु विभाव असले म्हणजे रस होतोच असें नाहीं. अभिनवगुप्तानें भयानकाच्या उदाहरणासाठीं शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतील, दुष्यंताच्या रथापुढें पळणारें हरिण घेतलें आहे. तें पाहतांना प्रेक्षकास जें भय प्रतीत होतें तें त्याचें स्वतःचें नसतें. तसेंच तें अमक्या एका हरिणाचेंहि राहत नाहीं. 'मी भ्यालों', 'तो भ्याला' असे भेद गळून पडलेले असतात, आणि म्हणूनच तें भय आस्वाद्य होतें. एकट्यानें खेळावयाच्या भयखेळांत ही सोय नाहीं. तेथें प्रेक्षक कोणी नाहीं, हरिण आम्हीच. छाती धडधडते, हात ओले होतात, आणि पुष्कळदां त्यापलीकडे कांहीं घडत नाहीं. असल्या भयास रस म्हणण्यास आमचें मन घेत नाहीं.

चौघांच्या खेळांत कांहीं निराळें घडतें. सोबती भिंतीपलीकडे असला तरी त्याच्या आकृतीची कड भिंतींतून चमकत दिसते, आणि तो संकटांत पडला कीं त्या कडेचा रंग पालटतो. एकदां भाची शेजारच्या खोलींत गेली. हंटरची किंकाळी झाली. भिंतींतून तिची आडवी झालेली आकृति दिसूं लागली, आम्ही धांवलों, वाटेंत दार, दारांत जमाव. त्या सात-आठ सेकंदांत जें वाटलें तें भय आमच्या जिवाचें खचित नव्हतें. आमच्या अंगाला कांहीं होत नव्हतें. भाचीच्या जिवाचें म्हणावें तर ती सुखरूप आपल्या घरीं खुर्चींत बसली होती व हेडफोनमधून "मामा, घाई नको, दार आधीं मोकळें करा" असें सांगत होती. मग तें कोणाचें? आमचें उत्तर असें कीं, तें त्या चौघांत कोणा एकाचें राहिलेलें नव्हतें. सोबतीनें भय पळालें नव्हतें. त्याच्यावरची मालकीची खूण तेवढी पुसली गेली होती. हरिण पाहणाऱ्या प्रेक्षकाची अवस्था, थिएटरांत न बसतां, हातांत माउस धरून आम्हांस तेथें भेटली. जाणकारांचें 'भय एकट्याचें' हें मत आम्हांस यासाठींच मान्य नाहीं. एकट्याचें असतें तें भय. भयानक रसाला निदान दोघे लागतात.

या रसाची लय राखण्यासाठीं कर्त्यांनीं जी युक्ति योजली आहे तिचें वर्णन केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. शत्रु कोठें व किती यावेत हें आधीं ठरवून ठेवलेलें नसतें. 'डायरेक्टर' नांवाची एक यंत्रणा खेळणाऱ्यांची अवस्था अखंड मोजीत असते: कोणास किती इजा झाली, कोण आडवा पडला, शत्रु किती जवळ येऊन मेला. या सर्वांवरून ती मनाच्या ताणाचा एक अंक मांडते. तिचे एक कर्ते माइक बूथ यांनीं २००९ सालच्या आपल्या व्याख्यानांत हा हिशेब उलगडून दाखविला आहे. अंक शिगेस पोंचेपर्यंत जमाव वाढत जातो, शिखरावर तीन ते पांच सेकंद तसाच ठेवतात, मग ओहोटी, आणि मग तीस ते पंचेचाळीस सेकंदांची विश्रांति. या विश्रांतींत माणसें गोळ्या भरतात, मलमपट्टी करतात, विनोद करतात, आणि पुन्हां भिण्यास योग्य होतात. आम्हांस कीर्तनकाराची आठवण झाली. निष्णात हरिदास समोरच्या मंडळीकडे पाहून आख्यान लांबवितो, डोळे पाणावले असें दिसलें कीं एखादी कोटी करून त्यांना हंसवितो, आणि तीं हंसत आहेत तोंच पुन्हां करुणाकडे नेतो. फरक इतकाच कीं, हरिदास माणसांकडे पाहतो आणि हें यंत्र अंकांकडे. 'टँक' व 'विच' हे मोठे शत्रु मात्र या लयीच्या हिशेबाबाहेर ठेविले आहेत. विश्रांतींतहि ते येऊन उभे राहूं शकतात. ही कर्त्यांची रसिकता होय. लय अचूक पाळली असती तर महिन्याभरांत खेळणाऱ्यांनीं घड्याळ लावून विसांवा घेतला असता.

असें असूनहि प्राविण्य आणि भय यांचें वैर पुरतें मिटलेलें नाहीं, हें आम्ही प्रांजळपणें सांगतों. निष्णात लोकांचा खेळ आम्हीं पाहिला आहे. ते एखाद्या कोनाड्यांत शिरतात, पाठ भिंतीला लावतात, दोघे बसतात, दोघे उभे राहतात. जमाव एकाच बाजूनें येतो आणि कापला जातो. आमच्या भाचीचेंच सूत्र, पण त्यांतला भरंवसा आतां सवयीचा झालेला. तेथें ना भयानक आहे ना वीर. गिरणीच्या पाळींतलें काम आहे. कर्त्यांना हें दिसलें असलें पाहिजे. नोव्हेंबर २००९ मध्यें आलेल्या दुसऱ्या भागांत त्यांनीं आपणच शिकविलेले धडे मोडून काढणारे शत्रु आणले. 'स्पिटर' ही दाटीवाटीनें उभ्या असलेल्यांच्या पायांखालीं जाळणारा द्रव ओतते. 'चार्जर' हा घोळक्यांत मुसंडी मारून एकाला उचलून नेतो. 'जॉकी' हा मानेवर बसून माणसाला सोबत्यांपासून दूर हांकीत नेतो. 'एकत्र राहा' हा धडा शिकलेल्यांस 'किती एकत्र' हें नव्यानें शिकावें लागलें. त्याच भागांत 'रिअॅलिझम' नांवाचा एक प्रकार आहे. त्यांत भिंतींतून चमकणाऱ्या आकृत्या काढून टाकल्या आहेत. सोबती कोठें आहे हें मग त्याच्या हांकेवरूनच कळावयाचें. आमच्या मतें हा प्रकार मूळ कल्पनेशीं सर्वांत प्रामाणिक आहे. (त्या भागांत हाणामारीसाठीं तवा, कुऱ्हाड आणि चक्क क्रिकेटची बॅटहि मिळते. पुतण्यानें आम्हांस ती मोठ्या आदरानें दिली. आमचा बचाव तेथेंहि कॉलेजांतल्याइतकाच कच्चा निघाला.)

स्टॉकहोमच्या '१० चेंबर्स' या मंडळीचा 'जीटीएफओ' हा खेळ डिसेंबर २०२१ मध्यें पूर्ण स्वरूपांत निघाला. त्यानें या वैराला दुसरें उत्तर दिलें आहे, तें तुलनेसाठीं पाहण्याजोगें आहे. तेथेंहि चौघेच, पण ते भूमिगत तळघरांत उतरविलेले कैदी आहेत, आणि शत्रु उभ्याउभ्या झोंपलेले आहेत. गोळ्या अगदीं थोड्या, व बंदुकीच्या आवाजानें खोली जागी होते. म्हणून हातोडा घेऊन वांकून जावयाचें. झोंपलेल्याच्या अंगांत चलबिचल झाली, छातींत प्रकाश स्पंदूं लागला, कीं आहे तेथें निश्चल व्हावयाचें. आणि दोन शत्रु जवळजवळ असले तर दोघांनीं कुजबुजत तीन, दोन, एक मोजून एकाच क्षणीं घाव घालावयाचे. येथें प्राविण्य वाढलें तरी भय घटत नाहीं, कारण प्राविण्य म्हणजे लढाई होऊं न देणें. शास्त्र म्हणून हें उत्तर अधिक निर्दोष आहे. तरी आम्हांस 'लेफ्ट फोर डेड' अधिक प्रिय. 'जीटीएफओ'मध्यें चुकीला जागा फार थोडी. एकाच्या पायाखालचा आवाज चौघांना भोंवतो. तेथें शिकाऊ मनुष्य आपल्या सोबत्यांना शत्रूहून अधिक भितो.

तें भय आमच्या परिचयाचें आहे. एका शनिवारीं तिघेंहि मुलें नव्हतीं, म्हणून आम्ही अनोळखी खेळाडूंच्या मेळ्यांत शिरलों. पातळी सर्वांत कठीण होती, हें आम्हीं पाहिलें नव्हतें. त्या पातळीवर साध्या शत्रूचा एकेक फटका शंभरांतले वीस गुण नेतो आणि मित्राची गोळीहि भारी पडते. दुसऱ्याच जिन्यावर आमची गोळी एकाच्या पाठींत गेली. कोणी "पुढचा बसतो" असें म्हटलें नाहीं. पडद्यावर एक प्रस्ताव उमटला: या खेळाडूस काढून टाकावें काय? तिघांनीं होकार दिला, आणि आम्ही बाहेर पडलों. पन्नाशी उलटलेल्या, वर्गावर तीस वर्षें काढलेल्या माणसास हें लागावें हें हास्यास्पद आहे; पण लागलें खरें. त्या तिघांचा दोष काढावा तर तोहि कठीण. आमच्यामुळें त्यांचा जीव जात होता, आणि खेळाच्या नियमांनींच त्यांना तो अधिकार दिला होता. या रचनेंतील सर्वांत मोठें वैगुण्य आम्ही येथें दाखवितों: ज्या खेळांत प्रत्येकजण दुसऱ्यावर अवलंबून आहे, त्यांत नवशिक्याची चूक ही त्याची एकट्याची कधींच नसते, आणि ती सोसणारा कोणी भेटला नाहीं तर त्यानें शिकावें कसें, याचें उत्तर कर्त्यांनीं दिलेलें नाहीं. डायरेक्टर ताण मोजतो. कोण शिकत आहे हें मोजीत नाहीं. भाचीनें तें काम केलें म्हणून आम्हीं हा लेख लिहिला. ती नसती तर पहिल्या जिन्यावरच हा खेळ आमच्या लेखीं एक रक्तबंबाळ गोंगाट ठरला असता.

रक्तबंबाळ तो आहेच, आणि लहान मुलांच्या हातीं तो पडूं नये. अमेरिकेंत त्यावर सतरा वर्षांवरील वयाची खूण आहे. दुसऱ्या भागाचें मूळ रूप ऑस्ट्रेलियानें २००९ साली नाकारलें होतें व २०१४ साली केवळ प्रौढांसाठीं म्हणून मान्य केलें. आमची तक्रार रक्ताविषयीं तितकी नाहीं, जितकी त्या जमावाविषयीं आहे. तीं काल-परवांपर्यंतचीं माणसें होतीं. कोणी रुग्णालयाच्या पोषाखांत आहे, कोणी पोलिसाच्या. खेळांत त्यांच्यासाठीं एकहि क्षण थांबलेला नाहीं. सुरक्षित खोल्यांच्या भिंतींवर आधीं येऊन गेलेल्यांनीं खरडलेले निरोप आहेत, त्यांत मात्र नातलगांच्या शोधांतली माणसें भेटतात. त्या भिंती लिहिणाऱ्याला थोडा अधिक वाव मिळाला असता तर बरें झालें असतें.

शेवटीं एका मोहिमेविषयीं लिहावयाचें राहिलें. ऑक्टोबर २०१० मध्यें 'द सॅक्रिफाइस' नांवाची एक जोडमोहीम निघाली. तिच्या अखेरीस चौघांनीं एक पूल उचलावयाचा असतो. तो वर गेला कीं खालच्या जमावापासून सुटका. पूल अर्ध्यावर थांबतो. खालचा जनरेटर बंद पडलेला असतो. कोणी तरी एकानें खालीं उतरून तो सुरू करावयाचा, आणि उतरलेला परत वर येत नाहीं. पहिल्या दिवसापासून या खेळानें एकच गोष्ट घोटून घेतली: सोबत सोडूं नका. तीच आतां सोडावयास सांगतो. आणि कोणीं सोडावी हें मात्र सांगत नाहीं. सोबतच्या चित्रकथेंत तो मान म्हाताऱ्या बिलाला दिला आहे. खेळांत कोणीहि उतरूं शकतो. या एका प्रसंगासाठीं आम्ही कर्त्यांच्या कथादारिद्र्याची बरीच क्षमा करावयास तयार आहों.

आमचा पूल थांबला तेव्हां हेडफोनमध्यें कोणी बोलेना. पुतण्याचे गुण सर्वांत अधिक शिल्लक होते, म्हणून "मी जातों" असें तो म्हणूं लागला. भाचीची मैत्रीण म्हणाली कीं चिठ्ठ्या टाकूं. वयाच्या मानानें पहिल्या दिवसापासून आमच्या वांट्यास बिलच आलेला. आम्हीं उडी टाकली. खालीं आल्यावर ध्यानांत आलें कीं जनरेटर कोणत्या बाजूस आहे हें आम्हांस ठाऊकच नाहीं.

"मामा, डावीकडे! तें नव्हे, त्याच्या पलीकडे!"

वरून तिघें आमच्या डोक्यावरून, आमच्यामागें लागलेल्या जमावावर गोळ्या झाडीत होतीं. आम्ही मध्यें मध्यें खालीं बसत गेलों.